वीस गोण्या

"त्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाय म्हंजे न्हाय! मेले तर हितंच मरंन!"

श्रीदेवीचा आवाज पडवीतून अंगणात आला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या वीरेशचा पाय जागच्या जागी खिळला. सहा वर्षं... तब्बल सहा वर्षांनी तो आपल्याच घराच्या दाराशी आला होता, तेही धाकट्या भावानं, मल्लिकार्जुनानं, फोनवर "अण्णा, ये की रं एकदा" म्हणून गळा काढला म्हणून. आणि कानावर पहिलं वाक्य पडलं ते हे! भावजयीला सातवा महिना लागलेला. डॉक्टरांनी दर सोमवारी सोलापूरला तपासणीला बजावून बोलावलेलं. आणि वस्तीपासून मंद्रूपच्या डांबरी रस्त्यापर्यंतची तीन किलोमीटरची वाट अशी, की ओढ्यावरचा फरशीपूल गेल्या पावसाळ्यात वाहून गेल्यापासून तिथून ना रिक्षा जाते ना ॲम्ब्युलन्स. जाते ती फक्त घरची पिकअप, तीही दगडांना पोट घासत, कण्हत-कुंथत. त्या पिकअपचं नाव काढलं की श्रीदेवीला कापरं भरतं. का भरतं, हे वीरेशला कुणी सांगायला नको होतं.

मल्लिकार्जुन बाहेर आला. थोरल्या भावाच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, "बगितलंस न्हवं? काय करू सांग मी?"

"गाडी आठ दिवस गॅरेजला आण," वीरेश म्हणाला. "मऊ करून देतो. आन उंचबी."

"तूच घेऊन जा की."

"मी गाडी चालवत न्हाय मल्लू. तुला म्हाइत हाय."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. वीरेश पाणीसुद्धा न पिता माघारी फिरला.

अहो, माणसानं गप्प तरी किती बसावं! सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचं खरं दोनच माणसांना ठाऊक होतं, निदान वीरेशला तसं वाटत होतं. कांदा भरून गाडी सोलापूरला निघायच्या तयारीत होती. मल्लिकार्जुन बार्शीला गेलेला. आणि अचानक आठव्या महिन्यातच श्रीदेवीच्या पोटात कळा सुरू झाल्या! महिन्याभरापूर्वीच मल्लिकार्जुनानं हौसेनं मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांत दोन-दोन जाड पाटे जादा घालून घेतले होते, का तर गाडीनं जास्त माल ओढावा. पण जाड पाट्यांची गाडी वजनाखालीच मऊ चालते. रिकामी झाली की खड्ड्याखड्ड्याला चेंडूसारखी उडते. वीरेशचा सारा जन्म स्टिअरिंगवर गेलेला, त्याला हे कळत होतं. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "मल्लू, वीस गोण्या हौद्यात तशाच पसरून ठेवतो, त्यावर गादी घालतो, म्हंजे तिला हिसका बसायचा न्हाय." तर पलीकडून धाकटा भाऊ ओरडला होता, "माझ्या बायकूला कांद्यावर घालून नेतोस व्हय रं? सगळ्या उतरव! रिकामी कर आन पळव!"

बायको त्याची, लेकरू त्याचं... आपण कोण नाही म्हणणारे? वीरेशनं गोण्या उतरवल्या. गाडी पळवली मात्र नाही. बैलगाडीच्या चालीनं नेली. तरी ती उडायची ती उडलीच! मागून श्रीदेवीचं विव्हळणं, हौद्याच्या मागच्या फाळक्याचा खडखडाट, पुन्हा विव्हळणं... आणि मग नुसताच फाळक्याचा खडखडाट.

मुलगा होता. रडलाच नाही. डॉक्टरांनी नेमकं कारण सांगितलं नाही. पण दोष ठेवायला माणसाला कारण कुठं लागतं? धावत-पळत आलेला मल्लिकार्जुन दवाखान्याच्या पायऱ्यांवर, साऱ्या सोयऱ्या-धायऱ्यांदेखत ओरडला, "तूच मारलंस! उडवत आणलीस गाडी, अण्णा, तू मारलंस माझं लेकरू!" वीरेशनं तोंड उघडलं... आणि मिटलं. खरं सांगावं तर त्या पोरीचा संसार त्याच क्षणी मोडला असता. कूस रिती झालेली, वर नवराही मनातून उतरला तर तिनं जगावं कुणाकडं बघून? त्यानं मान खाली घातली. त्याच आठवड्यात त्यानं घर सोडलं आणि सोलापुरात कल्लप्पाच्या पाट्यांच्या गॅरेजात तो कामाला लागला. तेव्हापासून रस्त्यानं एखादी रिकामी पिकअप खडखडत गेली, की हातातला पाना तसाच धरून तो भिंतीकडे तोंड करी, आणि कल्लप्पा काही न विचारता रेडिओ मोठा करी.

आता मल्लिकार्जुनानं आणून सोडलेली तीच गाडी त्याच्यासमोर जॅकवर चढली. तिच्याखाली निजून वीरेशनं ते चारही जाड पाटे आपल्या हातानं सोडवले. अंगात असा काही आवेश संचारला होता, की यू-बोल्टच्या आट्यांनी बोटं सोलली तरी भान नव्हतं!

"नुसते काढलेस तर गाडी मागनं बसंल बग," कल्लप्पा म्हणाला. "वड्यात पोट लागंल."

"म्हणून तर बारीक आन लांब पाटे घालायचे, बाक जास्त दिऊन. शॉकअप नवे, रबरी बुश सगळे नवे. गाडी उंच उभी ऱ्हायला पायजे आन चालली तर पाळण्यावानी."

"माल किती वढंल मग?"

"माल वढायचाच न्हाय तिनं."

आठव्या दिवशी सकाळी मल्लिकार्जुन गाडी न्यायला आला. उंचावलेल्या गाडीभोवती त्यानं एक फेरी मारली, मागचा भाग दाबून पाहिला. वीरेशनं मात्र हौद्यात एक सतरंजी टाकली, फाळका लावून घेतला आणि तो सतरंजीवर चक्क आडवा झाला!

"अण्णा, ह्ये काय?"

"वस्तीपातूर चल. ती जिथं निजली व्हती तिथं किती लागतंय, ते माझ्या पाठीला कळू दे."

डांबरी रस्ता संपला. कच्ची वाट सुरू झाली. वीरेश डोळे मिटून एकेक हिसका मोजत होता. इथं ती पहिल्यांदा ओरडली होती... या बाभळीपाशी "भावजी, थांबवा" म्हणाली होती... गाडी डोलत होती, उडत नव्हती. ओढ्यातले दगड आले आणि गेले. पोट घासलं नाही. पलीकडच्या काठावर मात्र गाडी थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला, आणि मल्लिकार्जुन मागं येऊन फाळक्याला धरून उभा राहिला. हौद्यात पाठीवर निजलेला, केस पिकलेला भाऊ... त्याला पाहून त्याचा बांधच फुटला.

"उठ की अण्णा! असा निजू नगंस! मी म्हणलो व्हतो गोण्या उतरव म्हणून, मी! आन समद्यांम्होरं तुला पापी केलो! आज सांगतो तिला, समदं सांगतो!"

वीरेश ताडकन उठून बसला. "खबरदार! शपथ हाय तुला माझी. सातवा महिना हाय तिला. आता तिचा जीव तुझ्यावर इसावलाय, त्यो तोडू नगंस. मी घेतलंय न्हवं माझ्या अंगावर? ऱ्हाऊ दे."

"मला समदं म्हाइत हाय, भावजी."

दोघंही दचकले. वळणावरच्या चिंचेखाली श्रीदेवी उभी होती. लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून एका हातानं पोट सावरत ती वस्तीपासून चालत आली होती. सहा वर्षांत तिनं वीरेशशी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य!

"त्या दिशी मी पडवीतच पडले व्हते की. तुमचा फोन ऐकले मी. 'वीस गोण्या ठेवतो' म्हणलात ते ऐकले. यांचं वरडणंबी ऐकले, फोनातनं भाईर येत व्हतं इतकं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दवाखान्याच्या पायरीवर यांनी तुमच्यावर घातलं, ते दुसऱ्या दिशी कानावर आलं. तवा बोलायला पायजे व्हतं मी. न्हाय बोलले. वाटलं, बोलले तर नवरा तुटंल. माझं लेकरू गेलंय, निदान घर तरी ऱ्हाऊ दे... म्हणून तुमाला जाऊ दिले घरातनं. राग न्हवता भावजी. तुमच्या म्होरं यायची लाज वाटायची."

मल्लिकार्जुन मटकन ओढ्याच्या काठावर बसला. म्हणजे ही सगळं जाणून सहा वर्षं आपल्याला वाढत होती, आपल्या उशाशी निजत होती! त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वीरेशनं फाळक्याची कड घट्ट धरली. जिला वाचवायला आपण तोंड मिटलं, तिनंच आपल्यासारखं तोंड मिटून घेतलं होतं... एकाच घरातली तीन माणसं, आणि तिघांच्याही उरावर तेच एक न रडलेलं लेकरू! सहा वर्षं, शिव शिव, सहा वर्षं!

त्याला राग आला का? आला. खोटं कशाला सांगा! एवढी वर्षं परक्यासारखं खानावळीत जेवलेला माणूस तो. पण समोर ती फुगलेलं पोट धरून उभी होती, ऊन चढत होतं, आणि सोमवार परवावर आला होता. तो हौद्यातून उतरला. म्हणाला, "उन्हात उभी ऱ्हाऊ नगंस. बस गाडीत."

ती जागची हलली नाही. मल्लिकार्जुनाकडे न बघताच तिनं त्याच्यापुढे हात केला. त्यानं किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, आणि ती तिनं वीरेशपुढे धरली.

"तुमी चालवत असाल तर बसते."

वीरेशनं दोन्ही हात मागं घेतले. "मला जमंल का गं पोरी? सहा वर्षं हात लावला न्हाय. हळू... लई हळू नेईन बग."

श्रीदेवीच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. ती म्हणाली, "तवाबी हळूच नेलं व्हतं की भावजी, तुमी."

हे एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून तो सहा वर्षं जगला होता! वीरेशनं किल्ली मुठीत धरली, गाडीच्या दाराला कपाळ टेकवलं आणि तो हमसून हमसून रडू लागला.