निवडुंगाचा सापळा

लिफ्टशेजारच्या कुंडीत मी चोरून चहा ओतत होते, आणि नेमका तेव्हाच लिफ्टचा दरवाजा उघडला.

"झाडाला साखर चालते वाटतं?" आतून बाहेर आलेल्या उंच माणसानं विचारलं.

"मला चालत नाही," असं म्हणून मी तरातरा निघून गेले. कान मात्र गरम झाले होते.

तासाभरात कळलं, स्वारी आमच्याकडेच आली होती. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी आमची संस्था. कुणी आवाज देतं, कुणी वेळ, कुणी देणगी. या सगळ्या हितचिंतकांची माहिती डेटाबेसमध्ये असते आणि त्यांना फोन करणं हे माझं काम. पण एकेका माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. त्या जुळवायला हा महिनाभरासाठी आला होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'जुळवाजुळवी' ठेवून टाकलं.

आमच्याकडे एक नियम आहे. समोरचा फोनवर जे बोलेल, ते फोन ठेवायच्या आधी लिहून ठेवायचं. 'आजोबा दुपारी झोपतात.' 'बाईंच्या गुडघ्याची चौकशी करावी.' मग पुढच्या वेळी मी विचारते, "काकू, गुडघा कसा आहे?" आणि काकू विरघळतात. दुरावलेली कितीतरी माणसं अशी परत आली. मला त्यांची काळजी नसते असं नाही... पण आठवण पडद्यावर लिहिलेली असते, हे मला ठाऊक असतं.

म्हणूनच, माझ्या टेबलावर न सांगता बिनसाखरेचा चहा आला तेव्हा मी सावध झाले. मग मीटिंगमध्ये एसीखालची खुर्ची त्यानं स्वतः घेतली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली.

"बसा. इथे गार लागणार नाही."

याला कसं कळलं? एका पुस्तकाला मीही आवाज दिला होता, म्हणजे डेटाबेसमध्ये माझीही नोंद होती. आवडीनिवडींसकट! आणि सगळ्या नोंदी उघडायची परवानगी कुणाकडे? या जुळवाजुळवीकडे. माझीच युक्ती माझ्यावर! त्याहून वाईट म्हणजे, मी विरघळायला लागले होते. लिफ्टचा दरवाजा उघडला की माझी मान आपोआप वळायची. हा नोंद वाचून वागत असेल, तर मी नेमकी कशावर भाळले होते?

आई म्हणते, हिला देव भेटला तरी ही आधी ओळखपत्र मागेल. मी सापळा लावला. माझ्या नोंदीत लिहून ठेवलं – 'निवडुंग अतिशय आवडतो.' खरं तर मला निवडुंग डोळ्यांसमोर नको असतो.

रोज सकाळी आल्या आल्या टेबल बघायचे. निवडुंग काही येईना. मी हळूहळू सुटकेचा निःश्वास टाकायला लागले... आणि माझ्या वाढदिवसाला तो आला! लाल फीत बांधलेला, काटेरी. शेजारी जुळवाजुळवी हसत उभा.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा! छान आहे ना—"

"लाज नाही वाटत? लोकांच्या नोंदी वाचून पोरी पटवता?" माझा आवाज चढला. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "आत्ताच्या आत्ता संचालक मॅडमना सांगते!"

मॅडम स्वतःच केबिनमधून बाहेर आल्या. "अगं, काय झालं? मीच आणला तो. तुझ्या नोंदीत होतं ना, अतिशय आवडतो म्हणून?"

धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

"तुमची एकच नोंद आहे," तो हळूच म्हणाला. "मी फक्त दुहेरी नोंदी उघडतो." आणि बॅग उचलून निघाला.

मी धावतच लिफ्टपाशी गाठलं त्याला. "थांबा! मग... चहाचं कसं कळलं?"

"पहिल्याच दिवशी झाडाला पाजलात की."

"आणि एसी?"

"सारख्या शिंकत होतात. कुणालाही दिसलं असतं. म्हणजे... बघत असतं तर."

"तो निवडुंग मी मुद्दाम लिहिला होता. तुम्हाला पकडायला." माझे डोळे भरून आले. "चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले."

तो कुंडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चांगलंच लागलं ते."

"पण तुम्ही बघत का होतात?"

"अजून संशय?"

"हो."

"आवडता तुम्ही मला," तो म्हणाला. "आता हे करा नोंद."

मला हसू आलं आणि रडूही. एवढे दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली होती, पण त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

"तुम्हाला चहा कसा लागतो?"

"भरपूर साखर घालून."

सवयीनं माझा हात खिशातल्या पेनकडे गेला. त्यानं तो अलगद धरला. "लिहायचं नाही."

"विसरले तर?"

"तर परत विचारायचं. मी परत सांगेन. रोज सांगेन."

"रोज?" मी डोळे बारीक केले.

"रोज," तो म्हणाला. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच निघून गेली... आणि मी ओळखपत्र मागितलं नाही.