स्वतःच्याच पत्त्यावरून आलेली मेल

सकाळी दुकानाचं शटर वर ढकलायचं, मशीनच्या चाकाला तेल सोडायचं, इस्त्री तापत ठेवायची आणि मग स्टुलावर बसून कचरा काढायला घ्यायचा, असा टेलरचा शिरस्ता होता. कचरा फरशीवरचा नव्हे. फोनमधला.

कचराच तो, दुसरं काय म्हणायचं? रात्रभरात मेलचा ढीग साचलेला असायचा. कुणी बिनव्याजी कर्ज द्यायला टपलेलं, कुणाच्या सोडतीत याला मोटार लागलेली. एक गडी तर रोज नेमानं केस वाढायचं तेल विकायचा. टेलरच्या डोक्याचा पार गोटा झालेला. तेलवाल्याची मेल दिसली की याचं टाळकं सटकायचं आणि तो उलट उत्तर ठोकायचा, 'तुझ्या बापाच्या टकलाला लाव.' कर्जवाल्याला वेगळी शिवी, मोटारवाल्याला वेगळी. एकालाही कोरडा सोडायचा नाही.

शेजारच्या गाळ्यातला चपलावाला हसायचा. "अहो, बंद करून टाका ते खातं. कशाला रक्त आटवता?"

"माझं रक्त, मी आटवीन. तू टाचा ठोक."

खातं बंद करणं त्याच्यानं होत नव्हतं, त्याला कारण होतं. ते खातं लेकीनं उघडून दिलेलं. पुढे टेलरनं हौसेनं तिच्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन तिनं विकलं आणि ती परगावी नोकरीला निघाली. तेव्हा हा दारात उभा राहून ओरडला, "पुन्हा ह्या घरात पाऊल टाकायचं नाही!" पोरगी बापाच्याच वळणाची. नाही टाकलं. आईशी फोनवर बोलायची, पण बापाचं नाव निघालं की फोन ठेवून द्यायची. तिच्यापर्यंत जायची वाट उरली असेल तर ही एवढीच. म्हणून तो रोज तेलवाले नि कर्जवाले उपसत बसायचा. मध्ये कुठे तिची एखादी ओळ अडकली असली तर? स्वतः लिहायला मात्र बोट उचलत नव्हतं. बाप मी आहे, म्हणे. आधी तिनं लिहावं.

एका सकाळी ढिगात एक मेल दिसली. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव. पत्ताही त्याचाच. आत एक ओळ होती.

'लेकीचं काही आलं का?'

इस्त्रीखाली कुणाच्या तरी पँटचा पाय होता. तो करपला, धूर झाला, जळक्या कापडाचा वास गाळ्यात पसरला, तरी टेलर जागचा हलला नाही.

कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीवाली पोरगी बसायची. तिच्यापुढे त्यानं फोन आपटला. "हे बघ. मीच मला मेल पाठवलीय."

पोरगी हसली. "घाबरू नका काका, होतं असं. तुमच्या नावाचा मुखवटा लावून दुसराच कुणीतरी पाठवतो."

"आणि माझ्या घरातलं त्याला कुणी सांगितलं?"

पोरगी हसायची थांबली. "असं काय लिहिलंय?"

त्यानं फोन छातीशी धरला. लाज वाटली त्याला. "ते राहू दे. पाठवणाऱ्याला अडवायचं कसं, तेवढं दाखव."

"ब्लॉक? अहो, पण पत्ता तुमचाच आहे ना? स्वतःलाच ब्लॉक कराल. त्यानं काय होतं मला नाही बाई माहीत. असं कुणी करत नाही."

"मग मी करतो."

तिनं तेलवाल्याच्या मेलवर करून दाखवलं. टेलर दुकानात परतला. पण तोंड बंद ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. आधी त्यानं उत्तर लिहिलं, 'कोण आहेस रे तू?'

फोन खाली ठेवायच्या आत हातातच थरथरला.

'तू तिला लिहीत नाहीस. म्हणून मी लिहितो.'

मागच्या बाजूला कपडे घालून बघायचा आरसा होता, त्याच्याकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं ब्लॉकवर अंगठा ठेवला. फोननं विचारलं, नक्की का? टेलरनं अंगठा असा दाबला की नख पांढरं झालं.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर ढीग नाही. तेलवाला नाही, कर्ज नाही, मोटार नाही. कोरी पाटी. टेलर एकटाच खो खो हसला.

पण ती शांतता फोनपुरती राहिली नाही. गिऱ्हाईक यायचं, दुकानात डोकवायचं आणि कुणी नसल्यासारखं परत जायचं. चपलावाल्याला त्यानं मुद्दाम डिवचलं, "काय रे, आज चपला विकतोस का माश्या मारतोस?" चपलावाल्यानं मानसुद्धा वर केली नाही. घरी बायको ताट वाढायची, पण तिची नजर त्याच्यावरून घसरून मागच्या भिंतीवर जायची. रुसली असेल, त्याला वाटलं. रुसू दे.

मग एका दुपारी वीज गेली. गाळ्यात अंधारून आलं. मशीन थांबलं आणि इतकं शांत झालं की तापलेली इस्त्री निवतानाची टिकटिक ऐकू यायला लागली. करायला काही नाही म्हणून टेलर फोन चाळत बसला. अंगठा भलतीकडे लागला आणि एक कप्पा उघडला. फोन आपल्या अकलेनं ज्याला कचरा समजतो ते सगळं तिथं टाकतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तेलवाले, कर्जवाले… आणि त्यांच्यामध्ये लेक.

एक नव्हे, कितीतरी मेल. सगळ्या वाचलेल्या. प्रत्येकीला त्याच्या नावानं उत्तर गेलेलं. काय ती उत्तरं! 'चुकलो गं बाळ.' 'मशीन तुझंच होतं, तू विकलंस, मी कोण बोलणारा?' हे सगळं टेलरच्या पोटात होतं. ओठांवर कधी आलं नव्हतं.

सगळ्यात वरची मेल आजची होती.

'बाबा, पोचतेच आहे. आई म्हणाली, माझ्यासाठी तुम्ही आज दुकानातसुद्धा गेला नाहीत.'

टेलरनं आजूबाजूला पाहिलं. मशीन. कात्री. करपलेली पँट. तो दुकानातच होता. त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं… कोण आलंय घरी?"

"कोण बोलतंय?"

"मी बोलतोय! आवाज ओळखत नाहीस?"

ती कुजबुजली, "आवाज तर… पण हे तर इथं… समोर जेवतायत…"

फोन कटला.

शटर उघडं टाकून टेलर धावत सुटला. रस्त्यात माणसं अंगावर आल्यासारखी यायची आणि न बघताच बाजूनं निघून जायची. जिना चढताना छाती फुटायला आली. दाराआड लेक हसत होती. किती दिवसांनी ऐकलं ते हसू! त्यानं बेल दाबली.

साखळी न काढता दार उघडलं. फटीत लेकीचा चेहरा. तिच्या मानेजवळ एक-दोन केस पांढरे झालेले.

"बाळ…"

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिडून नव्हे, कंटाळून.

"नको हो. काही घ्यायचं नाही आम्हाला."

"अगं, मी… मी तुझा…"

"कोण आहे गं, बाळ?" आतून आवाज आला. घोगरा. त्याचाच. पण मायेनं भिजलेला.

"कुणी नाही, बाबा. कालचाच तो."

दार लागलं. आतून कडी सरकली.

काल? लेक तर आत्ता आली ना? आणि काल तो दुकानातून हलला होता कुठे?

आत भांड्याचा आवाज झाला. मग बायको हळू आवाजात म्हणाली, "रोज येतो बिचारा. मागच्या वर्षी निदान धड चालत तरी यायचा."

टेलरनं खाली पाहिलं. त्याच्या हातात काठी होती. ती कधी घेतली, ते काही केल्या आठवेना. पण मूठ मात्र वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.