पाण्याखालची चूल

दिवा जरा बारीक करा, मुलांनो. जाळे विणायला एवढा उजेड पुरेसा आहे. बुरुल्चा माझी शेजारीण. तिच्यावर जे बेतले, ते मी तिच्याच तोंडून ऐकले आहे. पदरचे एक अक्षर घालणार नाही.

आमच्यात नवी नवरी सासरच्या चुलीपुढे वाकते आणि विस्तवात चरबी वाहते, तेव्हाच ती त्या घरची होते. बुरुल्चाच्या सासरची चूल मात्र जुन्या गावाबरोबर धरणात बुडालेली. नव्या घरातल्या शेगडीपुढे सासूने तिला वाकू दिले नाही. "आमची चूल खाली आहे," एवढेच म्हणाली. नवरा होता तोवर निभावले. तो छातीच्या दुखण्याने गेला आणि दुखवट्याचा चाळिसावा दिवस उरकताच धाकटा दीर झानीश नवऱ्यामागे राहिलेल्या बोटीची किल्ली मागू लागला.

"वहिनी, तुम्ही चुलीपुढे कधी वाकलात? मग बोट तुमची कशी?"

"चूल बुडाली, भाऊजी. विझली असं कोण म्हणालं?"

"मग जा की खाली! या डोकं टेकवून!"

"जातेच. सुदाक मासाही तिथंच असतो. दोन्ही कामं होतील."

बोट गेली असती, तर तिला या गावात पोट भरायला दुसरे काही उरले नसते.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. आकाशात चंद्र नव्हता. मेंढीच्या शेपटाची चरबी फडक्यात बांधून ती एकटीच निघाली. नवऱ्याचे मासे शोधायचे यंत्र तिने सुरू केले. पडद्यावर तळ सपाट सरकत होता. मग गिरणीची भिंत आली. पुढे कुंपण. त्यापुढे सासरचे, छप्पर नसलेले घर, आणि त्यात ताठ उभे असलेले धुराडे. भिंतींच्या आडोशाला मासे दाखवणाऱ्या बारक्या कमानी दाटीने उमटल्या होत्या. खोली एकोणीस मीटर.

तिने मोटार बंद केली, गळाला चरबी टोचली, शिशाचा गोळा बांधला आणि दोर नेमका धुराड्यावर सोडला.

कमानी हलल्या. एकाएकी सगळ्या नाहीशा झाल्या.

धुराड्यातून एक रेघ वर येऊ लागली. बारीक. नागमोडी. धुरासारखी.

पंधरा मीटर... दहा... चार...

वारा नव्हता. लाट नव्हती.

बोटीखाली काहीतरी थांबले.

 बुरुल्चा उठून उभी राहिली, तीनदा रीतसर वाकली आणि सासूपुढे कधी चढवला नव्हता असा आवाज चढवून म्हणाली, "कोण आहात? सासरे? आजेसासरे? नाव घेणार नाही, तेवढी रीत मला कळते. मी या घरची सून आहे. हाकलायचं असेल, तर तोंड वर काढून हाकला!"

...

...

दोर एकदाच ताठ झाला. मग सैल.

तिने तो भराभर ओढला, गोळा मुठीत धरला... आणि किंचाळली. गळावर चरबी नव्हती.

पहाटे झानीश काठावर वाट पाहत होता. मीही तिथेच होतो.

"काय वहिनी, टेकवलंत डोकं? आणा किल्ली." त्याने हात पुढे केला.

तिने उजवी मूठ त्याच्यासमोर उघडली. झानीशचा हात आपोआप मागे गेला.

तळहाताच्या मधोमध गोल फोड होती, शिशाच्या गोळ्याएवढी. बर्फगार पाण्यातून वर आलेल्या शिशाने भाजल्याची.