थंडी कोणाच्या वाट्याला

त्या वर्षी अकोल्यात चैत्र संपायच्या आतच लोक एकमेकांना जेवण झालं का हे विचारायचं विसरले. भेटलं की पहिला प्रश्न, "तुमची थंडी सध्या कोणत्या खोलीत आहे?" समोरचाही सरळ चेहऱ्यानं सांगायचा की सकाळपासून मागच्या खोलीत बसली आहे, हलायला तयार नाही. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, थंडी म्हणजे घरी आलेली कोणी रुसकी मावशी आहे.

मावशी नव्हे, ते यंत्र होतं. त्याचं असं झालं. उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लोकांनी कधीच भंगारात काढले होते, कारण कूलर बादल्यांनी पाणी पितो आणि प्यायलाच पाणी मोजून मिळत होतं. मग घराघरात एसी आले, खोलीगणिक एक. प्रत्येक एसीचा बाहेरचा डबा आतली उष्णता गल्लीत ओकायचा. आपलं घर थंड करायचं म्हणून सगळ्यांनी मिळून गल्ली भाजून काढली. शेवटी नियम झाला की एका घराला बाहेरचा डबा एकच. म्हणजे गच्चीवर एक यंत्र, तिथून छताला नळवाटा आणि प्रत्येक खोलीत एक झडप. पूर्वी मोठ्या हॉटेलांत असायचा तो सेंट्रल एसी आता साध्या माणसालाही घेणं आलं.

आणि दिगंबर गावंडे यांना काहीही घेणं आलं की घरात पेच पडे. कृषी विद्यापीठात त्यांनी नोकरीभर बियाणं तपासलं होतं. मूठभर दाणे काचेवर पसरायचे आणि त्यातला किडका वेचून काढायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरात प्रेशर कुकर यायला दोन उन्हाळे लागले होते, कारण शिट्टीबद्दल त्यांचं समाधान होत नव्हतं. एसीच्या बाबतीत तर त्यांनी अर्ध्या शहरातल्या झडपांखाली उभं राहून हात वर करून पाहिलं होतं.

शेवटी त्यांची मुलगी पूर्वा त्यांना हाताला धरून इम्रानच्या दुकानात घेऊन गेली. इम्रान तिच्या वर्गातला. त्यानं तीन प्रकार दाखवले. पहिला अख्खं घर गार करणारा; तो पाहून गावंडेकाकांनी नुसतीच मान हलवली. दुसरा मधला, त्यात दोन खोल्या गार व्हायच्या, आणि कोणत्या दोन ते रिमोटनं आपण ठरवायचं. तिसरा सगळ्यात स्वस्त, नाव 'वाटेकरी'. त्याच्याकडे थंडी जेमतेम एका खोलीपुरती. पण प्रत्येक झडपेत चण्याएवढा एक तापाक्ष होता, म्हणजे ताप पाहणारा डोळा. खोलीतल्या माणसाची कातडी किती तापली, घाम येतो की नाही, श्वास किती भरभर चालला, हे तो लांबूनच ओळखायचा आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याकडे थंडी वळवायचा. माणूस उठून दुसऱ्या खोलीत गेला की थंडी त्याच्या मागं. रिमोट नाहीच.

रिमोट नाही म्हटल्यावर काकांच्या कपाळाला आठी पडली. पैसे आपले आणि मर्जी त्याची, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. इम्राननं मध्यम मार्ग काढला. आठवडाभर वापरून पाहा, पटलं नाही तर हेच परत घेऊन मधला बसवून देतो. पूर्वा मात्र तिसऱ्यावरच अडून बसली. त्याचं कारण तिनं वडिलांना दुकानाबाहेर येऊन सांगितलं. मागच्या मे महिन्यात तिची मोठी मावशी मूर्तिजापूरला भरदुपारी स्वयंपाकघरात बसली ती उठलीच नव्हती. सकाळी फोनवर तिनं सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. आईचीही तीच जात, पूर्वा म्हणाली. आता माझं लग्न होईल, मी पुण्याला जाईन, मग तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार? "तुम्ही ठेवाल का बाबा?" तिनं विचारलं. काकांनी घसा खाकरला आणि वाटेकरी घेतला.

दुसऱ्याच दिवशी काकांची पंचाईत झाली. बैठकीतल्या सोफ्यावर झडपेच्या बरोब्बर खाली ते पेपर उघडून बसले. पाच मिनिटं काय ती गंमत वाटली, आणि मग थंडी उठून चालती झाली. काका तिला शोधत घरभर फिरले. ती स्वयंपाकघरात होती, त्यांच्या बायकोच्या, रंजनाबाईंच्या डोक्यावर. रंजनाबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या तेव्हा थंडी बैठकीत आली. त्या परत आल्या की पुन्हा स्वयंपाकघरात. दुपारभर हेच. काकांनी एकदा खोटंखोटं धापा टाकून पाहिलं. तापाक्षानं ढुंकूनही पाहिलं नाही.

मग काय करणार बिचारे! तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर घेऊन स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. नुसतं बसून कसं राहायचं म्हणून लसूण सोलला. चौथ्या दिवशी पूर्वाही लॅपटॉप घेऊन ओट्याच्या कडेला आली. साखरेचा डबा कोणता आणि रव्याचा कोणता हे काकांना संसाराच्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. गवार मोडायची की चिरायची यावर त्यांनी मत दिलं, तेव्हा रंजनाबाईंचा संयम सुटला. आपल्या राज्यात ही पायापायात येणारी माणसं त्यांना मुळीच नको होती.

"मशीन बिघडलेली आहे," त्यांनी निकाल दिला. "मले काई गरम होत नाई. तुम्ही घामानं निथळून राहिले, अन् ती मलेच हवा घालते."

काकांना हे शंभर टक्के पटलं. रंजनाबाईंना उन्हाळा बाधत नाही, ही त्या घरातली पक्की गोष्ट होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कधी उकडतंय म्हणून तक्रार केली नव्हती. पंखा एक असेल तर तो दुसऱ्याकडे वळवायच्या, गार पाणी दुसऱ्याला द्यायच्या. ज्या बाईला गरम होतच नाही तिला हे यंत्र गारवा पुरवतं, म्हणजे दाणा किडका आहे हे उघडच होतं. त्यांनी इम्रानला फोन लावला. इम्राननं येऊन सगळे डोळे तपासले आणि सांगितलं की यंत्रात खोट नाही, काकूंचेच आकडे वर दिसतात, एकदा डॉक्टरांना दाखवा. रंजनाबाईंनी त्याला ताक पाजून वाटेला लावलं. काकांनी मात्र त्याला दाराशी गाठलं आणि सोमवारी हे काढून मधला बसवायला सांगितलं. पूर्वा दोन दिवस वडिलांशी बोलली नाही.

मधे रविवार होता, आणि रविवारी बोबडे मंडळी यायची होती. पूर्वानं आपलं लग्न आपणच ठरवलेलं असलं तरी तारीख, हॉल, मानपान ही बोलणी मोठ्यांचीच. मुलगा, त्याचे आईवडील असे तिघं यवतमाळहून येणार. पाहुण्यांना बाहेरून जेवण मागवावं असं पूर्वानं सुचवून पाहिलं. रंजनाबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय तिथंच मिटला. त्यांचं माहेर मलकापूरचं. व्याही पहिल्यांदा घरी जेवायला येतो तेव्हा त्याच्या ताटात मांडा पडलाच पाहिजे, ही तिकडची रीत. मांडा करायचा म्हणजे पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि रसरसलेल्या पालथ्या खापरावर टाकायची. खाली जाळ, वर खापर, आणि त्यावर ओणवं झालेलं माणूस.

रविवारी सकाळपासून त्यांच्या डोक्यात एकच चिंता होती. पाहुणे बैठकीत घामाघूम बसणार आणि हे चावट यंत्र सगळी थंडी स्वयंपाकघरात आणून ओतणार. घराची काय शोभा राहील? त्यांनी थोडा विचार केला, स्टुलावर चढल्या आणि कणकेचा एक गोळा स्वयंपाकघरातल्या तापाक्षावर थापून दिला. कोणाला सांगितलं नाही. झडप मिटली, थंडी मुकाट बैठकीत गेली, आणि रंजनाबाईंनी खापराखालचा गॅस मोठा केला.

बैठक झकास रंगली. बोबडेसाहेब अंगानं भारी आणि मनानं मोकळे. आल्या आल्या त्यांनी झडपेखालची जागा पटकावली आणि एवढ्या कमी पैशांत इतका गारवा कसा म्हणून काकांचं तोंडभरून कौतुक केलं. काकांना आज यंत्र शहाण्यासारखं वागताना पाहून जरा चुटपुट लागली. उगाच परत करतो आहोत की काय! मार्गशीर्षातली तारीख ठरली. हॉलवर दोन्हीकडचं एकमत झालं. पूर्वा मदतीला दोनदा आत गेली, दोन्ही वेळा आईनं तिला दारातूनच परत पाठवलं. आज तू बाहेर बसायचंस, एवढंच म्हणाली.

ताटं मांडली गेली. रंजनाबाई मांड्यांचं ताट घेऊन दारात आल्या, हसऱ्या चेहऱ्यानं. त्यांनी बैठकीत पाऊल टाकलं आणि छतातून मोठा आवाज झाला. बोबडेसाहेबांवरची झडप झटकन फिरली, सगळी थंडी दाराकडे गेली, रंजनाबाईंचा पदर फडफडायला लागला. वाटेकरी सहसा बोलत नसे. पण जिवाला धोका दिसला तर बोलायचं, असं त्याला शिकवलेलं होतं.

"दारात उभ्या असलेल्या व्यक्तीला उष्माघाताचा धोका आहे. त्यांना ताबडतोब बसवा."

सगळे वळून दाराकडे पाहायला लागले. दारात त्या एकट्याच होत्या.

"मले काई नाई झालं," रंजनाबाई म्हणाल्या आणि बोबडेसाहेबांच्या ताटात मांडा वाढला. मग लगेच त्याच ताटात दुसरा वाढला, मग तिसरा. तेव्हा पूर्वा ताडकन उठली. तिनं आईच्या कपाळाला हात लावला. तासभर जाळाशी राहिलेल्या बाईचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं आणि हात भाजावा इतकं तापलेलं.

काकांनी जन्मभर दाण्यातला ओलावा मोजला होता. घाम आटला म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी बायकोला धरून झडपेखाली आडवं केलं, पूर्वानं ओले टॉवेल आणले, नवऱ्या मुलानं गल्लीच्या टोकावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आणि बोबडेसाहेबांच्या सौ., ज्या आल्यापासून मोजकंच बोलत होत्या, त्यांनी पदर खोचला, आत जाऊन गॅस बंद केला आणि ओल्या टॉवेलानं रंजनाबाईंचे पाय पुसत बसल्या. व्याहीण पाय पुसते हे पाहून रंजनाबाईंना इतकी लाज वाटली की त्या तशा अवस्थेतही उठायला लागल्या. चौघांनी मिळून त्यांना पुन्हा निजवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की अजून थोडा वेळ त्या तिथंच राहिल्या असत्या तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं, तेही नशीब असेल तर. अंग हळूहळू निवलं. सलाईन लागलं नाही. मीठ-साखरेचं पाणी पोटात राहिलं, कपाळावर घामाचे चार थेंब आले, आणि त्या थेंबांकडे पाहून दिगंबर गावंडे सगळ्यांसमोर रडले. मग जेवणं झाली, कारण पाहुण्यांना उपाशी पाठवलं तर मी औषध घेणार नाही, असं रंजनाबाईंनी पडल्यापडल्या सांगितलं. उरलेले मांडे बोबडेसाहेबांनी करायला घेतले. त्यांच्या हातावर एकही अखंड राहिला नाही. सगळ्यांनी आमरसात बुडवून ते तुकडेच खाल्ले, आणि असा मांडा आपण जन्मात खाल्ला नाही असं बोबडेसाहेब स्वतःच म्हणत राहिले.

सोमवारी इम्रान यंत्र काढायला आला, तोवर स्वयंपाकघरातल्या डोळ्यावरची वाळलेली कणीक काकांनी खरवडून काढली होती. पूर्वा काही बोलायच्या आत काकांनी त्याला परत पाठवलं. हे राहू दे म्हणाले, आणि स्वयंपाकघरात एक डोळा जास्तीचा बसवून दे, तिच्या हाताला लागणार नाही इतका उंच.

मग ते रंजनाबाईंजवळ येऊन बसले. त्या सोफ्यावर होत्या, झडपेच्या बरोब्बर खाली. तिथं बसायची सवय नसल्यामुळे अवघडून, पाय खाली सोडून बसल्या होत्या. काकांना रागावायचं होतं, पण आवाज काही चढला नाही.

"इतकं होईपर्यंत बोललीस काऊन नाहीस? डोळ्यावर कणीक थापलीस, पण तोंडानं एक शब्द नाही. पस्तीस वर्षं खोटं सांगून राहिलीस मला."

"खोटं नाई जी," रंजनाबाई म्हणाल्या. "आधी आधी सांगत होती मी खोटं. नवी होती, घरात पंखा एकच होता, म्हणून म्हणायची की मले नाई लागत. पण मागून खरंच काई वाटेनासं झालं. काल जाळासमोर होती तेव्हाही मले काईच वाटलं नाई. मशीननं सांगितलं तेव्हा कळलं."

झडप हळूच उघडली आणि गार वारा रंजनाबाईंच्या अंगावर आला. या वेळी त्यांनी तो येऊ दिला. डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर हसू आलं, लहान मुलीसारखं, आणि मग ते थोडं मावळलं.

"मग मले सांगा," त्यांनी डोळे उघडून विचारलं, "या इतक्या वर्षांत मले आणखी काय काय झालं असेल, जे मले कळलंच नाही?"