शेजारच्या सीटचा बेल्ट

उद्या सकाळी गाडी बघायला जाणार आहेस ना? मग बस इथे. दिवे गेलेत तर गेलेत, येतील तेव्हा येतील. आणि तू रे, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर, डोळ्यांवर येतो. बोलायला उजेड लागत नाही.

पहिली गाडी जुनीच घ्यावी, या मताचा मी. नव्या गाडीवर पहिला ओरखडा उठला की माणसाला आठवडाभर घास गोड लागत नाही. जुनीवर तो कोणीतरी आपल्या आधीच उठवून ठेवलेला असतो. डेपोच्या वर्कशॉपमध्ये माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर गोतावळ्यातल्या कितीतरी जणांना गाड्या बघून दिल्या. एकीनंही तोंडघशी पाडलं नाही. एक मात्र... नाही, तिनंही पाडलं असं म्हणता येणार नाही. पण तिची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ऐकीव नाही. जिच्यावर ती बेतली ती माझ्या जिवलग मित्राची मुलगी, लहानपणापासून मला काका म्हणणारी. आणि शेवटी जे राहिलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

ही पोरगी मोठ्या दवाखान्यात पेशंटना व्यायाम शिकवायची. कोणाचं हाड मोडलेलं, कोणाला लकवा मारलेला, कोणी सहा महिने अंथरुणाला खिळलेला. त्यांना धरून धरून ती उभं करायची, चालतं करायची. म्हणून दवाखान्यात तिचं नाव पडलं होतं 'चालवणारी'. जगाला चालवायची, पण गाडी काही तिला येत नव्हती. नवरा जहाजावर, घरी म्हातारी आई आणि पाच वर्षांचा मुलगा. ड्यूटी संध्याकाळची लागली, रात्री घरी यायला वाहन मिळेना, तेव्हा कुठे शिकली. शिकली आणि माझ्याकडे आली. "काका, गाडी घ्यायची आहे. रंग कुठलाही चालेल, पण रस्त्यात बंद पडायला नको."

हे असं मागणारं गिऱ्हाईक लाखात एक. नाहीतर लोक आधी रंग बघतात.

गाडी सापडली ती एका मास्तरांकडे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, गावाच्या जुन्या बाजूला बैठं घर, एकटेच राहायचे. पोरीला घेऊन गेलो आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. हे लक्षात ठेव. बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असायला हवं. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचे निम्मे आजार लपतात. मास्तरांनी काही लपवलं नव्हतं. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात लागली. मागे धूर नाही. खाली वाकून पाहिलं, तेलाचा थेंब नाही. पायाखालच्या मॅट उचलून चक्क नाकाला लावल्या, कारण पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून विकतात, पण तिचा वास जात नाही. काही नाही. चारही टायर सारखे झिजलेले. वायपरचं रबर कडक झालं होतं आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, एवढंच. ती उकळत्या पाण्यानं मी तिथेच धुतली.

"इतकी चांगली गाडी विकता कशाला, मास्तर?" मी विचारलं.

ते शेजारच्या सीटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही इथे बसायची. आता गाडीत बसलो की ती जागा रिकामी दिसते. मोठ्या दवाखान्यात हीच गाडी घेऊन गेलो होतो. जाताना दोघं होतो, येताना..." आणि पुढे नुसतं डोकं हलवलं.

पोरीनं खाली मान घातली. गाडी घेतली.

पहिला महिना कसा गेला ते कळलंही नाही. मग एके दिवशी तिचा फोन. "काका, शेजारच्या सीटची घंटी वाजते."

तुम्हाला माहीत आहे, सीटखाली वजन ओळखणारी एक पट्टी असते. कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की पीं-पीं सुरू. पिशवी ठेवली तरी वाजते. मी म्हटलं, पिशवी मागे ठेव. ती म्हणाली, सीटवर काहीच नाही. मग वायर ढिली असणार. किरकोळ काम. सीट पुढे-मागे सरकवून सरकवून खालच्या वायरींची जोडणी ढिली होते. मी सीट उचलली, जोड साफ केला, घट्ट बसवला. दिवसभर गाडी फिरवली. एकदाही वाजली नाही. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते, तशी गाडीही मेकॅनिकपुढे शहाण्यासारखी वागते.

त्याच रात्री पुन्हा वाजली.

मी चार प्रश्न विचारले, तेव्हा एक गंमत कळली. सकाळी मुलाला शाळेत सोडताना वाजत नाही. बाजारात वाजत नाही. दवाखान्याकडे जाताना वाजत नाही. फक्त परत येताना. दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की सुरू होते आणि मोठ्या चौकात ती घराकडे वळली की आपोआप थांबते.

"रस्ता खराब असेल तेवढा," मी म्हटलं. आतून मलाही ते पटलं नव्हतं. "असं कर, रिकाम्या सीटवर बेल्ट अडकवूनच ठेव. मग वाजायचा प्रश्नच नाही."

तिनं तसं केलं. दवाखान्यातून निघताना बेल्ट खटकन अडकवला, ओढून बघितला. फाटकातून बाहेर पडली.

पीं... पीं... पीं...

बेल्ट सुटलेला होता.

आपणच नीट लावला नसेल, असं तिनं मनाला समजावलं. माणूस समजावतोच. दुसऱ्या रात्री पुन्हा लावला. पुन्हा सुटला. ही पोरगी भित्री नव्हे, मुडद्यांच्या खोलीवरून रोज एकटी जाणारी. तिनं ते मला सांगितलंसुद्धा नाही. काका हसतील म्हणून.

आता ती रात्र. नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार. त्या दिवशी तिचा एक पेशंट पाय घसरून पडला होता, त्यामुळे निघायला उशीर झाला. फाटकातून गाडी बाहेर काढली तेव्हा बारा वाजायला आले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अंगात त्राण नाही, डोकं ठणकतंय. आणि फाटक ओलांडलं तशी घंटी सुरू.

ती सहन करत राहिली. पेट्रोल पंप गेला, लाकडाची वखार गेली. घंटी थांबेना. शेवटी तिचा संयम सुटला. घरी तिचा मुलगा बेल्ट लावायला असाच कटकट करतो. त्याला दरडावते तशी ती रस्त्यावरची नजर न काढता त्या रिकाम्या सीटला दरडावून म्हणाली,

"बेल्ट लाव बघू आधी! बेल्ट लावला तरच घरी नेणार!"

घंटी वाजत राहिली. एकदा. दोनदा.

मग बेल्ट ओढल्याचा आवाज आला. सावकाश... कोणीतरी एका हातानं ओढावा तसा. मध्येच थांबला. पुन्हा ओढला गेला.

खट्.

घंटी बंद.

...

तिनं शेजारी पाहिलं नाही. मला म्हणाली, "काका, मान वळलीच नाही." स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर बघत राहिली. गाडीत काही आवाज नाही. वास नाही. गारवा नाही. नुसती... जागा भरल्यासारखी.

चौक आला. इथून डावीकडे तिचं घर. रोज इथे घंटी थांबायची. आज ती आधीच थांबलेली. मग उतरलंय की नाही, कळणार कसं?

तिनं डावा इंडिकेटर दिला.

टिक... टिक... टिक...

शेजारी बेल्ट करकरला. तुम्ही बेल्ट लावून एकदम पुढे झालात की तो कसा ताणून अडकतो, तसा. कोणीतरी पुढे वाकलं होतं. काचेतून बघत होतं. हा रस्ता नाही... हा नाही...

घरी पाच वर्षांचं पोर झोपलेलं. म्हातारी आई दाराला कान लावून. तिथे हे घेऊन जायचं?

आणि शब्दही आपणच दिलेला. घरी नेणार म्हणून. कोणाच्या घरी, ते कुठे ठरलं होतं?

तिनं इंडिकेटर बंद केला. गाडी सरळ घातली.

बेल्ट सैल झाला.

त्यानंतर तिला कोणी रस्ता सांगायची गरज पडली नाही. पाणटाकी. बंद पडलेली गिरणी. मग जुन्या बाजूचा अरुंद रस्ता. गाडी मास्तरांच्या दारात थांबली, शेजारची बाजू घराकडे. ओसरीवर दिवा होता. मास्तर खुर्चीत बसलेले. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून फाटकापासून दारापर्यंतच्या पायऱ्या काढून त्यांनी सिमेंटचा उतार करून घेतला होता. गवंडी अंधार पडेपर्यंत काम करून गेलेला. सिमेंट ओलंच होतं, कुत्री-मांजरं नाचतील म्हणून मास्तर राखण करत बसले होते. कडेनं एक फळी टाकलेली, तेवढीच काय ती ये-जा करायला.

गाडी पाहून ते फळीवरून सावकाश खाली आले. "काय हो बाई? एवढ्या रात्री? गाडीनं त्रास दिला का?"

तिनं शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं.

मास्तर वाकले. काचेतून आत पाहिलं. रिकामी सीट. तिच्यावरून आडवा गेलेला बेल्ट.

त्यांनी काचेवर तळहात टेकवला. आणि मग, किती हळू आवाजात म्हणाले,

"लावलास?... सगळा जन्म सांगत होतो. तेव्हा ऐकलं नाहीस कधी."

त्यांनी दार उघडलं. आत हात घालून बेल्ट सोडवला. डावं कोपर पुढे केलं, कोणाला धरायला द्यावं तसं. आणि थांबले. उतरणारं माणूस सावकाश उतरतं, तेवढा वेळ थांबले.

"दमानं," म्हणाले. "घाई नाही."

मग ते फळीवरून वर चढू लागले. एक पाऊल. थांबले. दुसरं पाऊल. थांबले. हात तसाच, ओल्या सिमेंटवर अधांतरी. दुबळ्या माणसाला चालवताना कसं चालावं लागतं, ते या पोरीनं आयुष्यभर केलंय. ती मला म्हणाली, "काका, ते एकटे चालतच नव्हते. एकट्या माणसाची चाल तशी नसते."

दार लागलं. ओसरीवरचा दिवा विझला.

ती घरी आली ती थेट मुलाशेजारी जाऊन पडली. वाटेत घंटी वाजली नाही. त्यानंतर आजतागायत वाजलेली नाही. गाडी अजून तिच्याकडेच आहे. पोरगा आता पुढेच बसतो, बेल्ट लावून.

सकाळी उजाडता उजाडता तिनं मला फोन केला. आधी नुसती रडली, मग सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, थकवा आहे, भास झाला असेल. पण मास्तर म्हातारा माणूस, एकटा. रात्री काही भलतंसलतं झालं नसेल ना, याची मला धास्ती. तिला घेऊन तसाच निघालो.

मास्तर ठणठणीत. ओसरीवर चहा घेत बसलेले, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. इतका निवांत माणूस मी क्वचित पाहिला असेल. तमाशा चालला होता तो खाली. गवंडी हातात थापी घेऊन बोंबलत होता. "रात्री कोण चाललं हो यावरून? सगळ्या कामाची माती केली! सरका, वरून नवा माल थापून सारखं करतो."

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. "आहे तसं राहू दे."

मी पाहिलं. फळीला लागून, सिमेंटवर, पावलं उमटलेली. अनवाणी. बारीक, बाईमाणसाची. उजवं पाऊल नीट, पाची बोटं मोजून घ्यावीत असं. डाव्याचं मात्र नुसतं फरफटणं. प्रत्येक वेळी बाहेरून अर्धा फेरा मारून पुढे आलेला एक ओरखडा.

आमची चालवणारी तिथे उकिडवी बसली. त्या ओरखड्यावरून, न टेकवता, तिनं बोट फिरवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज दवाखान्यातला होता.

"मास्तर, बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "शेवटचं दीड वर्ष. मी तर कधी बोललो नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"या पावलांनी," ती म्हणाली. गवंड्यानं थापी घमेल्यात टाकली.

मी तो उतार वरपासून खालपर्यंत पाहिला. मग खालपासून वरपर्यंत पाहिला. तो अजून तसाच आहे, सिमेंट वाळून दगड झालंय, कोणालाही जाऊन बघता येईल. सगळी पावलं फाटकाकडून घराकडे गेलेली.

बाहेर येणारं... एकही नाही.