नावांनंतरची शांतता

“थर्झा?”

“आहे.”

“एनॉक?”

“आहे.”

आणि मग… कुणाचंच नाव नाही.

लहानपणी तिची नि भाऊ एनॉकची हजेरी घेणारा आईचा तो आवाज थर्झाच्या कानातून कधी गेला नाही. पुढे ती कालव्यावरची नाव सोडून जमिनीवरच्या घरात राहायला गेली, तरी दिवेलागणीला दार लावताना पोरांची हजेरी घ्यायची. एक नाव जास्त. हे तिनं सांगितलं तसंच इथे आहे, पदरचा शब्द नाही.

बर्मिंगहॅमच्या एका रस्त्याच्या डोक्यावरून, पुलासारखा, कालवा जायचा, तो लोखंडी पन्हळीतून. खाली ट्राम, वर नावा. पन्हळीच्या एका अंगाला नाव ओढणाऱ्या घोड्याची वाट. दुसऱ्या अंगाला वीतभर लोखंडी काठ आणि पलीकडे नुसती हवा. म्हणून ती ओलांडताना नावेवरची आई पोरांना नावानं हाका मारायची.

थर्झाची आई केझाया शेवटच्या नावानंतर थांबायची. कान देऊन.

“कुणाची वाट बघतेस गं?”

“कुणाची नाही. बटाटे सोल.”

थर्झा मोठी झाली, तिला पोर झालं, त्यानंतरची ती दुपार, १९३६ च्या नोव्हेंबरातली. धुकं असं, की स्वतःचीच नाव टोकापर्यंत दिसेना. थर्झाच्या हाती सुकाणू. नवरा होझिया पुढे घोड्याबरोबर. म्हातारी केझाया आत शेगडीपाशी. चार वर्षांचा जोबी छपरावर, चामडी पट्ट्यानं शेगडीच्या धुराड्याला बांधलेला, नावेवरच्या सगळ्या पोरांसारखा.

पन्हळीच्या मध्यावर घोडा थांबला.

“होझिया, झोपलास का रे?”

“घोड्याला विचार. मला कुठे काय सांगतो तो.”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं…

खालची ट्राम ऐकू येत नव्हती. चाकं नाहीत. माणसं नाहीत.

लोखंडाखाली फक्त थेंब. टप… टप…

“जोबी?”

“आहे, आई.”

आणि काठापलीकडून… हवेतून…

“आहे.”

लहान मुलीचा आवाज.

“कोण रे ते?”

“ती म्हणते, पट्टा सोड. तिचा हात पुरत नाही.”

पोर काठाकडे कललं होतं. एक हात धुक्यात, कुणाचा तरी हात धरल्यासारखी मूठ मिटलेली. दुसरा हात बकलावर.

थर्झानं सुकाणू टाकलं. त्याला कमरेला धरून ओढलं.

पोर येईना.

पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. हळूच. मायेनं.

बक्कल सुटलं…

“आई गं, धाव!”

केझाया वर आली. बघितलं. नवल तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“लव्हिनिया,” जेवायला हाक मारावी तसं ती धुक्याला म्हणाली. “त्याला सोड. तू ये.”



मग… “आहे.”

जोबीची मूठ उघडली. तो थर्झाच्या अंगावर कोसळला.

आणि नाव त्या बाजूला कलली. जराशीच. कुणी हलकं माणूस पाय ठेवून चढावं तशी.

खाली ट्रामची घंटा वाजली. घोडा चालू लागला.

“ती कोण, आई?”

“तुझ्याआधीची लेक माझी. इथूनच पडून गेली.” केझाया बाकावर सरकून बसली. शेजारी जागा ठेवून. “दरवेळी ‘आहे’ म्हणायची. मीच नाव घ्यायचे नाही. घेतलं असतं तर घरी आली असती.”

तिनं एप्रनच्या टोकानं ती रिकामी जागा पुसली.

“यापुढे तिचं नाव सगळ्यांत आधी घे. फार वर्षं शेवटी थांबलीय ती.”