ताईच्या चित्रातली माणसं

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही.

बुधवार होता. दुपारचे तीन. आमच्या घराची मागची खोली.

माझी थोरली बहीण दुकानांच्या पाट्या रंगवायची. आमचे आईबाबा दोन वेगळ्या धर्मांचे, दोन वेगळ्या भाषांचे. लग्न झालं आणि दोन्ही घरांनी त्यांचं नाव टाकलं. ते दोघं वारले तेव्हाही कोणी फिरकलं नाही.

मग ताईने भिंतीएवढ्या कापडावर चित्र काढायला घेतलं.

डावीकडे ज्योती. बाबांच्या घराण्यातलं गेलेलं एकेक माणूस म्हणजे एकेक ज्योत. उजवीकडे पांढरे पक्षी. ती आईकडची माणसं. आणि मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ताई स्वतः.

"निदान इथे तरी सगळे एकत्र," ती म्हणायची.

"बघ हं, इथेही मानपानावरून रुसतील!" मी चेष्टा करायचो.

त्या बुधवारी मी चहा घेऊन गेलो. खिडकी बंद होती. तरीही...

पंख फडफडले.

ताई चित्राकडे बघत होती. एक पक्षी नव्हता.

पुसलेला नव्हता. खरवडलेला नव्हता. तिथे कोरं कापड होतं... कधी ब्रश लागलाच नसावा तसं.

दुसऱ्या दिवशी विझलेल्या वातीचा वास आला... आणि एक ज्योत गेली.

मग रोजच.

ताई पुन्हा काढायची. रंग कापडाला धरेना. नुसता ओघळायचा. तिने अन्नपाणी सोडलं.

"गुंडाळून ठेवू या का?" मी विचारलं.

"नको रे. मी उठले तर उरलेलेही जातील."

शेवटी दोनच राहिले. बाबांची ज्योत आणि आईचा पक्षी.

"तुम्ही तरी थांबा ना..." ताई हात जोडून म्हणत होती. तिला धड बसवतही नव्हतं.

मी डॉक्टरांना आणायला धावलो. परत आलो तेव्हा...

फडफड नव्हती. वास नव्हता. ताईचा श्वासही नव्हता.

कापड पूर्ण कोरं. मधली ताईसुद्धा नाही.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर म्हणाले.

मी दोन्ही घरी निरोप धाडले. दोन्हीकडून उत्तर एकच. "ती आमच्यातली नव्हे." शेवटी मी एकट्यानेच तिला पोचवलं.

कापड गुंडाळून कपाटावर टाकलं.

मागच्या महिन्यात भिंती रंगवायला रंगारी आला. गुंडाळी उतरवायला गेला आणि अडला.

"दादा, जरा हात लावा. काय भरलंय यात?"

दोघांनी मिळून कशीबशी खाली घेतली. अख्ख्या माणसाइतकी जड...

त्याने कान लावला. चेहरा पांढराफटक पडला.

"आत... कोणी बाई रडतेय."

शिडी तशीच टाकून तो गेला. न्यायलाही आला नाही.

काल मी गुंडाळीला हात लावला... कापड ओलं होतं.

उघडलेली नाही. उघडून तरी काय करू?

तिला न्यायला कोण येणार आहे?